समुद्राकाठचा जुना ट्रेल पुन्हा चालायचाय, वय ६१, डावा गुडघा कुरकुर करायलाय

गंगाखेडचा (परभणी)

नमस्कार मंडळी, लै दिवसांपासून विचारू विचारू म्हणत होतो, आज विचारतोच. मी मूळ गंगाखेडचा, आता रिटायर होऊन परभणीत. २००४ ते २०१० नोकरीपायी इंग्लंडात प्लायमाउथला होतो. तिथं देशाच्या नैऋत्य कोपऱ्यात समुद्राच्या कडंकडंनं एक पायवाट आहे, साउथ वेस्ट कोस्ट पाथ. सॉमरसेटमधल्या माइनहेडपासून निघती, डेव्हन, कॉर्नवॉल, परत डेव्हन करत डॉर्सेटमधी पूल बंदराच्या तोंडाशी संपती, ६३० मैल म्हणजे १०१४ किलोमीटर. सहा वर्षांत सगळी नाही पण बरीच चाललो, शनिवार-रविवार, सॅकमधी पाणी अन् हिनं बांधून दिलेले धपाटे.

आता गंगाखेडच्या माणसाला समुद्राचं एवढं काय, असं कुणीबी म्हणंल. आमच्याकडं पाणी म्हणजे गोदावरी, तीबी पावसाळा सोडला तर वाळूच जास्त. तिथं गेल्यावर पहिल्याच महिन्यात हापिसातला एक जण म्हणाला चल शनिवारी फिरून येऊ, मला वाटलं बागेत वगैरे फिरायचं असंल, मी आपला हापिसचे बूट घालून गेलो. वेम्बरी नावाचं गाव आहे प्लायमाउथजवळ, तिथून जी वाट निघाली ती डाव्या हाताला गवताचा उतार अन् उजव्या हाताला एकदम खाली समुद्र, पहिल्याच उतारावर बूट सटकला अन् बुड टेकलं. सोमवारी दुकानात जाऊन चालायचे बूट आणले. तेव्हापासून जे लागलं ते लागलंच.

बोल्ट टेलवरून सालकमला जाणारा तुकडा, पोलपेरो ते फॉई, पोर्थकर्नोची ती पांढरी वाळू, अन् सगळ्यात जास्त म्हणजे सेंट आयव्ह्स ते लँड्स एंड, ते तर मी दोन दिवसांत काढलंय २००८ ला. अजून झोपेत येतं कधी कधी.

तर आता विचार असा आहे की पुढच्या साली जाऊन यावं. पोराचं म्हणणं टूर कंपनीचं पॅकेज घ्या, बसमधून दाखवतेत सगळं, मला बसमधून बघायचं नाही. दहा दिवस चालायला मिळतील. डावा गुडघा उतरताना बोलतो, डॉक्टर म्हणले ऑपरेशनची गरज नाही, वजन कमी करा. यावेळेस हिलाबी यायचंय. तेव्हा ही लेकरामुळं घरी राहायची नाहीतर कुठंतरी बाकड्यावर स्वेटर विणत बसायची, आता म्हणती मला चालायचंय. ही माळकरी आहे, दर कोजागिरीला तुळजापूरला पायी जाती, तीबी चपलेवर, माझ्यापेक्षा जास्त चालती हे कबूल करतो.

कोणता तुकडा धरावा, कोणत्या महिन्यात, खायचं कसं जमवावं, अन् मुख्य म्हणजे परभणीत राहून चढ-उताराची तयारी कशी करावी, इथं सगळ्यात उंच चढ म्हणजे स्टेशनचा दादरा. कुणी इतक्यात जाऊन आलंय का?


म्हैसमाळ_दर_रविवार (संभाजीनगर)

काका आधी एक तक्रार. परभणीत डोंगर नाही म्हणता मग जिंतूरचं नेमगिरी काय आहे? तुमच्याच जिल्ह्यातलं आहे. स्टेशनच्या दादऱ्यावर कशाला घाम गाळता.

बाकी तयारीचं सांगतो, कारण त्या ट्रेलचं मी वाचून ठेवलंय, जायचा योग अजून नाही आला. पूर्ण वाटेची चढाई मोजली तर ३५,००० मीटरच्या वर भरते, एव्हरेस्टच्या चौपट म्हणतात ते लोक, पण आपल्याला एव्हरेस्ट काय कळणार, आपण दौलताबादमध्ये मोजू. देवगिरीचा डोंगर पायथ्यापासून साधारण २०० मीटर. म्हणजे पूर्ण ट्रेल म्हणजे १७५ वेळा दौलताबाद. तुम्ही दहा दिवसांत समजा १५० किलोमीटर चाललात तर हिशोबाने २६ वेळा, म्हणजे रोज अडीच वेळा दौलताबाद चढायचा आणि अडीच वेळा उतरायचा, वर सपाटीचं चालणं वेगळं. आता हे ऐकून घाबरू नका पण हलक्यातही घेऊ नका. माझ्या मते १५० करूच नका, ८०-९० वर या.

माझा सल्ला असा की गुडघा चढताना नाही, उतरताना मारतो, त्यामुळे लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमध्ये जिने चढून लिफ्टने खाली येणारे जे लोक असतात ना, ते उलटं करू राहिले. जिना उतरायची सवय पाहिजे, हळू, पूर्ण पाऊल टेकवत, एक एक पायरी. आठवड्यातून तीन दिवस घरातला जिना आणि पंधरा दिवसातून एकदा मोठा डोंगर. नेमगिरी, अंबाजोगाईला मुकुंदराज समाधीची दरी, आणि संभाजीनगरला आलात तर दौलताबाद आहेच, सकाळी गेट उघडलं की लगेच, नंतर शाळेच्या सहली येतात आणि त्या अंधारीत वटवाघळांपेक्षा पोरंच जास्त ओरडतात. अंतूर आणि वेताळवाडी पण चांगले, पावसाळ्यात ओल्या दगडावर चालायची प्रॅक्टिस होते, कारण तिकडे वाट ओलीच असणार. दोन काठ्या घ्या, एक नको, दोन. आणि काकूंना बूट. चपलेवर तुळजापूर ठीक आहे, तो डांबरी रस्ता आहे.


हत्तीबेट_उदगीर

काका राग येऊ देऊ नका पण एवढे पैसे घालून बघितलेल्याच वाटेवर परत कशाला जाऊलालाव? व्हिसा, विमान, तिथलं राहणं, आपला एक रुपया तिथं दहा पैशाचाबी नाही. समुद्रच बघायचा तर कोकणात जावा की, रात्री बसलं की सकाळी समुद्र, मासे नाही खात तर सोलकढी प्या. मी दोन वर्षाखाली गुहागर-वेळणेश्वर केलाव, एक नंबर. अन् नवीन जागा बघायची तर जगात कमी हाईत का, तेच तेच काय बघूलालाव.


गंगाखेडचा (परभणी)

उदगीरकर, राग कशाचा. कोकण मीबी केलंय, लै भारी आहे, पण तिथं सलग पायी जाता येत नाही. खाडी लागली की गाडीत बसा, पुढं कुणाचं तरी माडाचं कुंपण लागतं, मंग परत गाडी. ही वाट सलग आहे. ती कुणी फिरायला म्हणून काढलेलीच नाही. दीड-दोनशे वर्षांमागं तिथं दारू, चहा, तंबाखू चोरून उतरवायचा धंदा होता, त्यांच्यावर नजर ठेवायला कोस्टगार्डचे शिपाई रोज कड्याच्या काठानं गस्त घालायचे. आता चोर काय मोठ्या बंदरात थोडाच उतरतोय, तो उतरणार बारक्या बारक्या खाचंत, म्हणून शिपायाला प्रत्येक खाचंत डोकावून बघावं लागायचं. त्यामुळं ती वाट सरळ जातच नाही. खाली उतर, खाच बघ, वर चढ, परत खाली. पलीकडचं टोक समोर दिसतं अन् पोचायला दीड तास. गस्त बंद पडली तरी वाट राहिली, मंग सरकारनं तुकडे जोडत जोडत १९७८ पर्यंत सगळी मिळून एक करून टाकली.

अन् तेच तेच काय बघायचं म्हणता, मंग पंढरपूरला दर साली कशाला जातेत लोकं? विठोबा काय दरवर्षी नवा बसवतेत का.


नांदेडहून_एक्झेटर

काका नमस्कार, मी मूळची नांदेडची, एक्झेटरला राहतेय बरीच वर्षं, ट्रेल घरापासून अर्ध्या तासावर त्यामुळे मला लिहायलाच पाहिजे. जरा लांब होईल.

पहिली गोष्ट, तुमच्या डोक्यातला २००८ चा नकाशा तिकडेच राहू द्या. वाट जागची हलते. म्हणजे खरंच हलते, हिवाळ्यात पाऊस मुरतो, खालून लाटा पोखरतात आणि एक दिवस कड्याचा तुकडा वाटेसकट खाली जातो. मग कुंपण मागे सरकवून शेतातून नवीन वाट काढतात, नाहीतर थेट डांबरी रस्त्यावरून वळसा देतात, कधी महिनाभर कधी कायमचा. तुम्ही गेल्यानंतर २०१४ च्या फेब्रुवारीत डॉलिशला समुद्राने रेल्वेची भिंतच फोडली होती, रूळ हवेत लटकत होते, प्लायमाउथ-पेन्झान्सकडची गाडी दोन महिने बंद. त्यामुळे रोज रात्री ट्रेलच्या वेबसाइटवर दुसऱ्या दिवशीच्या तुकड्याचे वळसे बघायचे आणि मगच झोपायचं. खांबावर एकॉर्नचं, म्हणजे ओकच्या फळाचं, चिन्ह असतं ते तुम्हाला माहीतच आहे, ते दिसेल तिकडे जायचं, "पूर्वी इथून जात होतो" म्हणून जुन्या वाटेच्या तारा ओलांडायच्या नाहीत. इथे येणारे जुने लोक हेच करतात आणि मग हेलिकॉप्टर बोलवावं लागतं. काही झालं तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचा, पोलीस नाही अँब्युलन्स नाही, कोस्टगार्ड.

महिना: मे. दुसरा नंबर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी, सेंट आयव्ह्सला पाय ठेवायला जागा नसते, रूमचे भाव विचारू नका. मेमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो म्हणजे गुडघ्याला घाई करायची गरज नाही. आणि मेमध्ये ती पिवळी काटेरी झुडपं असतात ना गोर्सची, ती फुलून येतात आणि उन्हात त्यांना अगदी खोबऱ्याचा वास येतो. पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं कुणीतरी खोबरेल लावून पुढे चाललंय, मी मागे वळून बघितलं दोनदा. पाऊस मात्र मेमध्येही येतो, तो पाऊस पण नाही आणि धुकं पण नाही असा, कॉर्नवॉलवाले त्याला मिझल म्हणतात, छत्री उघडून उपयोग नाही कारण तो खालून पण येतो. उन्हात वाटेवर साप पसरलेला दिसू शकतो, अ‍ॅडर, पाठीवर नागमोडी पट्टा, विषारी आहे पण तुम्ही मराठवाड्यातले, पाय आपटत चालायचं तुम्हाला मी काय सांगू.

खाणं: काकूंसाठी खूप प्रश्न येणार नाही. पेस्टी, म्हणजे सारण भरून भाजलेली मोठी करंजीच, घेताना नीट विचारा, खरी कॉर्निश पेस्टी म्हणजे बीफच, २०११ पासून त्या नावाला कायद्याने संरक्षण आहे आणि नियमात बीफ लिहिलेलंच आहे, त्यामुळे पाटीवर नुसतं कॉर्निश पेस्टी असेल तर हात लावायचा नाही. चीज-कांद्याची मागायची. एकादशीला जॅकेट पोटॅटो! भलामोठा बटाटा सालीसकट भाजून त्यात लोणी, कुठल्याही कॅफेत मिळतो, मी तर त्याला उपवासाचा राष्ट्रीय पदार्थच म्हणते. बाकी किचनवाली खोली घ्या, तांदूळ-डाळ दुकानात मिळते. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, येसर, मेतकूट बिनधास्त आणा पण तूप, खवा, पेढे नको, दुधाचं काही चालत नाही, विमानतळावर काढून घेतात. माझ्या आईचं दीड किलो तूप गेलं आहे, तिला अजून सांगितलेलं नाही.

सॅक उचलून चालू नका. बॅगा एका मुक्कामावरून दुसऱ्यावर पोचवणारे लोक आहेत, सकाळी दारात ठेवायची, संध्याकाळी पुढच्या ठिकाणी हजर. लंडनच्या पॅडिंग्टनहून पेन्झान्सची गाडी पाच-साडेपाच तास, रात्रीची स्लीपर पण आहे, सेंट आयव्ह्सला जायचं तर सेंट अर्थला उतरून छोटी गाडी, ती अख्खी समुद्राच्या काठाने जाते, समुद्राच्या बाजूची खिडकी धरा.

आणि एक विचारू का, रागावू नका. सेंट आयव्ह्स ते लँड्स एंड दोन दिवसांत म्हणजे पहिल्या दिवशी सेंट आयव्ह्स ते पेंडीन केलंत ना? २२ किलोमीटर एका दमात? तो ट्रेलमधला सगळ्यात कठीण तुकड्यांपैकी आहे. झेनॉरच्या पुढे ते ग्रॅनाइटचे धोंडे, मध्ये चिखल, हात टेकवत जावं लागतं. मला तेवढ्याला साडेनऊ तास लागले होते आणि मी तेव्हा ३२ वर्षांची. त्या धोंड्यांत तुम्हाला किती वेळ लागला ते सांगा म्हणजे त्यावरून आत्ताचा अंदाज धरता येईल.


तारबाबू_बीड

गंगाखेडकर, चालायचं मला काही कळत नाही, मी स्कूटरवरला माणूस. पण तुम्ही पोर्थकर्नो लिहिलं अन् मी चष्मा पुसून परत वाचलं.

मी तार खात्यात होतो, आधी अंबाजोगाई मग बीड. ट्रेनिंगला आमचे एक म्हातारे मास्तर होते ते हे नाव घ्यायचे, आम्हाला ते धड म्हणताबी यायचं नाही, ते म्हणायचे नुसतं पीके म्हणा, तिथले लोकबी तेच म्हणतेत. १८७० साली विलायतेपासून मुंबईपर्यंत समुद्राखालून तार आली ती या गावातून निघाली. पोर्थकर्नो, तिथून लिस्बनजवळ, जिब्राल्टर, माल्टा, अलेक्झांड्रिया, मग इजिप्तची जमीन ओलांडून सुएझ, तिथून एडन अन् एडनवरून मुंबई. त्याच्या आधी विलायतेची चिठ्ठी यायला आठवडे लागायचे, ती बातमी मिनिटांत यायला लागली. नंतर तिथं एवढ्या केबली उतरल्या की जगातलं सगळ्यात मोठं ठाणं झालं, चौदा केबली एका बारक्या खोऱ्यात. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीनं सगळी मशिनरी डोंगरात बोगदे खोदून आत नेली, खोदायला तिथलेच खाणकामगार लावले होते. आता त्या बोगद्यात म्युझियम आहे.

आपल्याकडं २०१३ च्या जुलैत तार बंद झाली. शेवटच्या दिवशी लोकं लायनीत उभे होते, स्वतःलाच तार करायला, आठवण म्हणून. आयुष्यभर कुणी तार आली म्हणलं की बाया आधी रडायला लागायच्या अन् मग वाचायच्या, अन् शेवटच्या दिवशी सगळे हसत फोटो काढायलेत. मला काही तिथं थांबवंना, मी तोवर रिटायर झालो होतो पण गेलो होतो बघायला.

तुम्ही त्या किनाऱ्यावर बसलात का कधी? माझं एक काम करा, तिथं वाळूपाशी केबलची एक बारकी खोली आहे म्हणतेत जिथं समुद्रातली तार जमिनीवरल्या तारंला जोडायचे. तिचा एक फोटो काढून इथं टाका. गुडघ्याचं काहीबी होवो, हे एवढं करा.


हत्तीबेट_उदगीर

बप्पा हे भारी सांगितलाव. मी माझं वरचं वापस घेऊलालो, जावा काका.


गंगाखेडचा (परभणी)

तारबाबू, फोटो नक्की. मी तिथं वाळूत बसून धपाटे खाल्लेत पण खोलीकडं लक्षच गेलं नाही, मला वाटलं सामान ठेवायची असंल. म्युझियमच्या दारावरून गेलो अन् तिकीट बघून परत फिरलो, तेव्हा पौंडाचा रुपयात गुणाकार करायची सवय होती.

आता नांदेडच्या ताईंच्या प्रश्नाचं. ताई, दोन दिवस झाले तुमचा प्रश्न वाचून, उत्तर टाइप करायलो अन् पुसायलो. सांगून टाकतो, इथं मला कोण ओळखतंय.

मी तो तुकडा चाललेलो नाही.

सप्टेंबर २००८. सेंट आयव्ह्सहून सकाळी निघालो, झेनॉरपर्यंत दहा किलोमीटर व्यवस्थित गेलो, तिथल्या चर्चमधी जलपरी कोरलेलं जुनं बाकडं आहे ते बघितलं, बाहेर आलो तर समोर काहीच नाही. समुद्र नाही, कडा नाही, दहा फुटापुढची गाय दिसंना. तरी पुढं गेलो, अर्धा तास. धोंडे ओले, खाली लाटंचा आवाज येतो पण खाली म्हणजे किती खाली ते कळंना. एका धोंड्यावर पाय घसरला, पडलो नाही, पण तिथंच बसलो अन् पोराचं तोंड डोळ्यापुढं आलं, तो तेव्हा सातवीत. परत झेनॉरला आलो, वर रस्त्याला जाऊन बस धरली अन् पेंडीनला उतरलो. झेनॉर ते पेंडीन, अकराएक किलोमीटर. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, लेव्हंट, बोटॅलॅकच्या जुन्या खाणी करत लँड्स एंडला पोचलो, त्या पैसे घेऊन फोटो काढायच्या पाटीपाशी एकाला सांगून माझ्याच कॅमेऱ्यात लांबून फुकट फोटो काढून घेतला. अन् घरी येऊन सांगितलं, सगळं चाललो.

का सांगितलं माहीत नाही. त्या दिवशी एक वाक्य कमी बोललो असतो तर काही बिघडलं नसतं. पण ही म्हणली "सगळं चाललात?" मी म्हणलो हो. मंग हापिसात तेच, गावाकडं तेच, पोराच्या लग्नात व्याह्याला तेच. सतरा वर्षं. तो लँड्स एंडचा फोटो हॉलमधी लावलेला आहे.

तर मला खरं म्हणजे दहा दिवसाचं काही पडलेलं नाही. मला ते अकरा किलोमीटर चालायचेत. जमतील का या गुडघ्यानं, एवढंच सांगा.


म्हैसमाळ_दर_रविवार (संभाजीनगर)

काका. धुक्यात परत फिरलात ते बरोबरच केलं, कुठल्याही ट्रेकवाल्याला विचारा. अंतूरला एकदा ढगात आम्ही परत फिरलो नव्हतो आणि एका मित्राचा पाय मोडला, नंतर सगळे आम्हालाच शिव्या देत होते आणि बरोबर देत होते. व्याह्याचं तुमचं तुम्ही बघा.


नांदेडहून_एक्झेटर

काका मला वाटलंच होतं, कारण त्या धोंड्यांतून गेलेला माणूस "दोन दिवसात काढलंय" असं दोन शब्दांत सांगत नाही, तो अर्धा तास तेच सांगतो.

जमेल. पण असं करा. एका दिवसात काहीतरी सिद्ध करायला जाऊ नका. पहिला दिवस सेंट आयव्ह्स ते झेनॉर, दहा किलोमीटर, तोही सोपा नाही, त्यातच गुडघा काय म्हणतो ते कळेल. झेनॉरला किंवा आसपास दोन रात्री मुक्काम. मधला एक दिवस मोकळा ठेवा, हवामानासाठी. मिझल असेल तर त्या दिवशी खोलीत बसून खिचडी करा, दुसऱ्या दिवशी जा. झेनॉर ते पेंडीनला पूर्ण दिवस धरा, सकाळी आठला निघा, सातेक तास लागतील असं समजा आणि जास्त लागले तरी उजेड आहे. मध्ये गरनार्ड्स हेडपाशी वर रस्त्याला निघता येतं, तिथे थांबून विचार करा. निघावंसं वाटलं तर निघा, यावेळी निदान खरं सांगा.

मग पेंडीन ते सेनन १४-१५ किलोमीटर, पण वाट सोपी आणि बघायला भरपूर. लेव्हंटची खाण आता नीट बघता येते, मैलभर समुद्राच्या तळाखाली गेलेली होती ती, कामगारांना डोक्यावरून धोंडे गडगडल्याचा आवाज यायचा म्हणतात वादळात. १९१९ ला तिथला माणसं वर-खाली नेणारा दांडा तुटून ३१ जण गेले. आणि तुम्हाला माहितीय का, कॉर्नवॉलच्या खाणींचा धंदा बसल्यावर तिथले कामगार आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणीत पण आले होते. शेवटचा दिवस सेनन, लँड्स एंड, पोर्थकर्नो, तारबाबूंचा फोटो, संपलं. चार दिवस चालणं, दहा दिवसांत निवांत बसतं. काळे पक्षी दिसले लाल चोचीचे तर ते चफ, कॉर्नवॉलातून नाहीसे झाले होते, २००१ मध्ये आपले आपणच परत आले. तुम्ही होतात तेव्हा मोजकेच होते, आता बरेच आहेत.

व्हिसाला जुना पासपोर्ट जोडा, सहा वर्षं राहून परत गेल्याचे शिक्के कामी येतात. आणि काकूंचे बूट इथे येऊन घेऊ नका, तिकडेच घ्या आणि दोन महिने घालून फिरवा. नवीन बूट त्या धोंड्यांत म्हणजे फोडांची जत्रा.


तारबाबू_बीड

वहिनींना सांगणार का आधी? का तिथं जाऊन?


गंगाखेडचा (परभणी)

सगळ्यांचे आभार, कालच सांगायचं होतं पण घरात जरा गोंधळ झाला.

नेमगिरीला गेलो रविवारी दोघं. ही बूट घालायला तयार नव्हती, शेवटी पोरानं मागवलेले घातले, अन् माझ्यापुढं वीस पायऱ्या राहिली सगळ्या वाटंनं. गुडघा उतरताना बोलला पण दोन काठ्यांनी बराच गप्प बसला, म्हैसमाळवाल्यांचं बरोबर आहे, एका काठीनं माणूस एका अंगानं वाकडा होतो. मेचा दुसरा पंधरवडा धरलाय. पोरानं विमानाचं बघायला घेतलंय, पुण्याला बोटांचे ठसे द्यायला जायचंय, तूप नेणार नाही.

तारबाबूंनी विचारलं म्हणून सांगतो. वर बसलो होतो, धपाटे सोडले, म्हणलं आत्ताच सांगून टाकावं, मोकळं व्हावं. सुरुवात केली की २००८ ला झेनॉरला धुकं लै होतं. ही म्हणली, "अन् बसमधी गर्दी होती का?"

पँट धुवायला टाकताना खिशातून तिकीट निघालं होतं म्हणे. झेनॉर ते पेंडीन, तारखेसकट. मी विचारलं मंग बोलली काहून नाहीस एवढी वर्षं. म्हणली, तुम्ही इतकं रंगवून सांगायचात, मला वाटलं पुढच्या वेळेस काय नवीन सांगतेत ते बघावं.

तिकीट अजून तिच्याकडं आहे, पोथीत ठेवलंय. मेमधी सोबत घेऊन येणार म्हणती.